मुठीखालची खाच

या मंडळी, जवळ या. मागच्यांनी पुढे सरका, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी भिंतीला पाठ टेकवा. आज एका हौदाची गोष्ट सांगतो. देवाचं नाव तुमच्या-माझ्या ओठांवर असतंच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: या गोष्टीत देवाला कुणी धक्का लावलेला नाही. धक्के बसले ते माणसांना. हाडं मोडली, काचा फुटल्या, एक चांगला जीव गेला, आणि शेवटी खरं काय ते सांगितलं एका लाकडाच्या ओंडक्याने. कान द्या.

सट्!

ओला वेत म्हातारीच्या पोटरीवर बसला आणि बर्फाच्या जुन्या कारखान्यात जमलेल्या तीनशे माणसांनी श्वास रोखला. कारखाना बंद पडून वर्षं लोटली होती. ज्या सिमेंटच्या हौदात पूर्वी बर्फाच्या लाद्या धरायच्या, त्यात आता गरम पाणी होतं, छातीइतकं. काठावर तोलबाबा उभे होते, पांढरे कपडे, भिजलेली दाढी, हातात वेत.

"बोल, पाडी!" बाबा म्हातारीच्या पोटरीला, म्हणजे तिच्यात शिरलेल्या बाधेला, दरडावत होते. "कुणाच्या सांगण्यावरून या बाईच्या पायात शिरलीस? का पाडतेस तिला?"

पोटरी काय बोलणार? म्हातारी तेवढी "आई गं!" म्हणाली.

"ऐकलंत? पाडी ओरडली!"

सट्! सट्! पोटरीवर लाल वळ उठले, एकातून रक्त आलं. म्हातारीचा मुलगा शेजारीच हात जोडून उभा होता. आईला कुणी रस्त्यात असं मारलं असतं तर त्याने त्या माणसाचा जीव घेतला असता. इथे मात्र तो प्रत्येक फटक्याला मान डोलावत होता.

"डावा पाय देवाचा, उजवा पाय दैवाचा, मधे शिरली पाडी!" बाबा गर्जले. "भार सोड, काठी मोड, तोल माझ्या हाती जोड!"

याचा अर्थ काय, हे विचारायची सोय नव्हती. विचारणाऱ्याच्या पायातही लगेच पाडी निघायची.

दोन सेवेकऱ्यांनी म्हातारीला काखेत धरून हौदात उतरवलं. पाणी छातीला लागलं. सेवेकऱ्यांनी हात काढून घेतले. आणि काय आश्चर्य! घरात भिंत धरून चालणारी ती बाई पाण्यात सरळ उभी राहिली. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, मग लहान मुलीसारखी हसली. बाबांनी तिची काठी दोन्ही हातांत आडवी धरली, तिच्यावर फुंकर मारली, अंगठ्यांनी नुसतं दाबलं. कट्! काठीचे दोन तुकडे. तुकडे हौदामागच्या भट्टीत गेले, आणि तीनशे गळ्यांतून आरोळी उठली.

गर्दीत मागे एक कातारी उभा होता. लेथवर लाकूड फिरवून लाटणी, पलंगाचे पाय आणि म्हाताऱ्यांच्या काठ्या करणं हा त्याचा धंदा. त्याच्या दंडाला धरून त्याची थोरली बहीण उभी होती, आक्का. चौऱ्याहत्तर वर्षांची. आई लवकर गेली तेव्हा याला तिनेच वाढवलेलं. तिने तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी केली. वळणावर बस कलंडल्यासारखी झाली तरी कशालाही न धरता उभी राहून तिकिटं फाडायची. तीच आक्का गेल्या वर्षभरात न्हाणीघरात दोनदा पडली, आणि तेव्हापासून अंघोळीला जाताना तिला घाम फुटायचा. पडण्यापेक्षा पडण्याची भीतीच तिला जास्त पांगळं करून गेली होती.

"पाहिलंस?" आक्का म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पुढच्या आठवड्यात माझा नंबर."

"पाहिलं," कातारी म्हणाला.

त्याने खरंच पाहिलं होतं. काठी कुठे मोडली तेही पाहिलं होतं, मुठीखाली चार बोटांवर. तीन महिन्यांपूर्वी बाबांचा मेहुणा त्याच्या दुकानात काठ्यांची मागणी घेऊन आला होता. म्हणाला, "मुठीखाली नक्षी पाहिजे. खोल, बोटभर रुंद खाच. वर लाखेनं बुजवून रंगवून टाका." कातारी म्हणाला होता, "मान बारीक होईल हो. भार नाही पेलणार." त्यावर मेहुणा हसून म्हणाला, "भार घ्यायचाच कुठंय? नुसत्या विधीच्या काठ्या." देवाचं काम म्हणून कातारीने त्या हौसेने करून दिल्या होत्या.

आत्ता ती खाच त्याच्या मनात टोचली. पण तीनशे माणसांच्या आरोळीत एका मनाचं टोचणं कुणाला ऐकू येणार? त्याने स्वतःच ते ऐकलं नाही.

*

कारखान्याच्या दारात एक रीत होती. येणाऱ्याची घरची काठी काढून घ्यायची. "हिला पाडीचा वास लागलाय," असं म्हणून ती भट्टीत टाकायची, त्याच जाळावर हौदाचं पाणी तापायचं, आणि बदल्यात दीक्षेची रंगीत काठी हातात द्यायची.

कातारीच्या दुकानावर, माडीवर, एक शिंपीकाका राहायचे. एकटा जीव. गळ्यात सदैव मोजपट्टी, इतकी की ते झोपतानाही काढत नसावेत असं आक्का म्हणायची. त्यांचे पाय लटपटायचे. दोन महिने ते गावातल्या पोहण्याच्या तलावावर जात होते. तिथे एक बाई सकाळी म्हाताऱ्यांना कमरेइतक्या पाण्यात व्यायाम करवायची. हाडांच्या दवाखान्यात रीतसर शिकलेली. सगळे तिला व्यायामबाई म्हणत. पण काकांचा धीर सुटला.

"बाई म्हणते सहा महिने, बाबा म्हणतात सहा मिनिटं," काका कातारीला म्हणाले. "तूच सांग, माझ्या वयाला कोणतं परवडतं?"

आक्का हौद पाहून आली त्याच रविवारी काकाही बाबांकडे गेले. घरची काठी, कातारीनेच पूर्वी करून दिलेली, शिसवीची, दणकट, ती दारातच भट्टीत गेली. रंगीत काठी मिळाली. पण गर्दी इतकी की नंबरच आला नाही. मेहुणा म्हणाला, "पुढच्या आठवड्यात या. तोवर हीच वापरा."

दुपारची वेळ. कातारी लेथ थांबवून घाम पुसत होता. जिन्यावर काकांची पावलं वाजली. पाचवी, सहावी, सातवी, आठवी, नववी पायरी. आणि मग, कट्!

लाकूड मोडल्याचा आवाज कातारी झोपेतही ओळखतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा आवाज आला, मऊ आणि जड, एकदा, दोनदा, तीनदा, शेवटी डोकं फरशीवर आपटल्याचा. तो धावला तेव्हा काका जिन्याच्या तळाशी पडले होते. मान भलत्याच बाजूला वळलेली. मोजपट्टी रक्तात भिजत होती. डोळे उघडे होते आणि त्यांत एवढंच नवल होतं, की असं कसं झालं?

लोक जमले. तासाभरात बाबांचा मेहुणाही आला, काठीचा मुठीचा तुकडा उचलून "अशुभ आहे" म्हणत घेऊन गेला, आणि जाताना एक वाक्य सोडून गेला.

"त्या तलावावरच्या बाईकडं जात होते ना हे? तिच्याच पाण्यातून पाडी आणलेली. आमचे बाबा काढणार होते, तेवढ्यात तिनं डाव साधला."

*

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर फिरलं, आणि सकाळी पन्नास-साठ माणसं तलावावर चालून गेली. त्यांत कुणाचा मुलगा होता, कुणाचा जावई, कुणाची सून. आणि मंडळी, सांगायला लाज वाटते, हातात लाकडी मोगरी घेऊन आपला कातारीही त्यांत होता. मनातलं टोचणं गप्प करायचं तर माणसाला दुसऱ्यावर ओरडावं लागतं. तो सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

पहिला दगड काचेवर बसला. खळ्ळकन सगळी तावदानं खाली आली. पाण्यात सात-आठ म्हातारे होते, एका पायावर उभे राहून आकडे मोजत होते. ते किंचाळत काठाकडे धडपडले. कुणीतरी बाकडी पाण्यात ढकलली, कुणी कपड्यांची कपाटं उलथली. एका पोराने तरंगायच्या फळ्या गुडघ्यावर मोडायला घेतल्या. त्या मोडेनात, म्हणून त्याने त्यांना लाथा घातल्या.

व्यायामबाई पाण्यातून बाहेर येऊन म्हाताऱ्यांच्या आणि जमावाच्या मधे उभी राहिली. पन्नाशीची, बुटकी, ओलीचिंब.

"काय हवंय ते मला सांगा! यांना हात लावू नका. ओल्या फरशीवर पळवाल तर एकेकाचं खुब्याचं हाड जाईल."

"काकांना मारलंस तू!" कातारी ओरडला. त्याने मोगरी उगारली. तिने हात वर केला. मोगरी तिच्या मनगटावर बसली, आणि कालच्यासारखाच एक आवाज आला. कट्.

बाई खाली बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. पण ती रडली नाही. त्याच्याकडे पाहून दातांवर दात रोवत म्हणाली, "तू कातारी ना? जिन्याखाली राहणारा?"

त्याने मान डोलावली.

"काल मी आले होते काकांना बघायला. जिन्याखालच्या सांदीत मला काहीतरी सापडलं. माझ्या पिशवीत आहे. तूच काढ, माझा हात चालत नाही."

पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला काठीचा खालचा तुकडा होता. कातारीने तो हातात घेतला. मोडलेल्या तोंडाभोवती लाखेचा तांबडा पापुद्रा होता आणि आत लाकूड फक्त पेन्सिलीएवढं जाड राहिलेलं. पटाशी फिरल्याच्या बारीक रेघा दिसत होत्या. स्वतःच्या पटाशीची रेघ तो ओळखणार नाही तर कोण ओळखणार? त्या पटाशीच्या धारेचा एक लहानसा टवका उडालेला होता. दर तिसऱ्या रेघेला त्याचा ओरखडा उठायचा. उठलेला होता.

भोवती काचा फुटत होत्या आणि हा माणूस त्यांच्यामधे उभा राहून एक, दोन, तीन, एक, दोन, तीन असे ओरखडे मोजत होता. मग मोगरी त्याच्या हातातून गळून पडली.

"काकांना मी मारलं," तो म्हणाला.

"अर्धं तू," व्यायामबाई म्हणाली. "अर्धं त्यानं. आता मला दवाखान्यात ने, आणि वाटेत मी सांगते ते ऐक."

*

वाटेत तिने जे सांगितलं ते तुम्हीही ऐका, कारण त्यात मंत्र-तंत्र काही नाही.

"छातीइतक्या पाण्यात माणूस उतरला की त्याचं बरंचसं वजन पाणी उचलतं," ती म्हणाली. "शिवाय पाणी चारी बाजूंनी दाबून धरतं. तिथं लटपटणारा माणूसही उभा राहतो. बाबा असो नसो. पाणी गरम असलं तर आखडलेले सांधे सैल होतात, ते वेगळंच. यात खोटं काहीच नाही. खोटं आहे ते पुढचं. पाण्यातून बाहेर आल्यावर वजन परत येतं आणि पाय होते तेवढेच असतात. सहा मिनिटांत पायांत ताकद भरत नाही."

"मग तुम्ही तरी पाण्यात काय करता?"

"पाण्यात तोल गेला तर माणूस हळू पडतो. सावरायला वेळ मिळतो. आम्ही तोल घालवतो आणि सावरतो, पुन्हा घालवतो, पुन्हा सावरतो. पाणी ढकलून पायाचे स्नायू घट्ट होतात. आज कमरेएवढ्या पाण्यात, काही महिन्यांनी त्याहून उथळ, मग जमिनीवर कठडा धरून. काठी ज्याची त्याच्याजवळ. काठी मोडत नाही आम्ही, बाबा. ती सुटली तर आपली आपण सुटते, नाही सुटली तर तीही चांगलीच."

"मला बाबा म्हणू नका," कातारी म्हणाला. "मला आता त्या शब्दाची शिसारी बसलीय."

संध्याकाळी त्याने आक्काला सगळं सांगितलं. काठीचा तुकडा दाखवला. आक्का तो बोटांनी चाचपत म्हणाली, "मी जाणार."

"आक्का!"

"ओरडू नकोस. तुला चालायला मी शिकवलंय, तू मला नाही. काठीत खोट असेल. पण ती बाई पाण्यात उभी राहिली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ते तर खरं?"

"ते पाण्यानं केलं!"

"पाण्यानं केलं की बाबांनी केलं, हे तुला काय ठाऊक? आणि तुझ्या त्या बाईला काय ठाऊक?" तिचा आवाज फुटला. "वर्ष झालं रे, मी अंघोळ खुर्चीत बसून करते, दार उघडं टाकून. तीस वर्षं धावत्या बसमधे उभी राहिलेली बाई मी. मला एकदाच, एकदाच काही न धरता उभं राहू दे."

आता या माणसाने काय करावं? बहिणीला कोंडून ठेवता येत नाही. पाठीवर हात फिरवून पटवता येत नाही. कारण ती जे पाहून आलीय ते खोटं नव्हतंच. खरं होतं. फक्त त्याचं श्रेय भलत्याच माणसाने लाटलं होतं. त्या रविवारी आक्काच्या पोटरीवर वेत बसणार, काठी मोडणार, आणि सोमवारी ती ओल्या न्हाणीघरात हात सोडून उभी राहणार. पुढचा आवाज त्याला आत्ताच ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी त्याने लेथवर एक ओंडका चढवला, तीन फुटी, मांडीएवढा जाड. वर गोल डोकं, खांदे, पाठीला थोडा बाक. खालचा भाग निमुळता करत करत भोवऱ्यासारखा टोकदार केला. टोकाकडून भोक पाडून आत शिसं ओतलं आणि गुळगुळीत घासलं. चेहऱ्याला दोन डोळे कोरले, तोंड मात्र कोरलं नाही.

आक्का दारातून बघत होती. "हा कोण?"

"तुझा सोबती. रविवारी तुझ्याबरोबर हौदात उतरणार आहे."

*

रविवारी कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. शिंपीकाकांच्या मरणाने बाबांचं वजन वाढलंच होतं. अश्रद्धेचं फळ म्हणून ते नाव बाबा स्वतःच घेत होते. व्यायामबाई हाताला प्लास्टर घालून मागे एका खांबाआड उभी होती.

आक्काचा नंबर आला.

"डावा पाय देवाचा, उजवा पाय दैवाचा..."

सट्!

आक्का ओरडली नाही. सट्! तिने ओठ चावला, ओठातून रक्त आलं. "पाडी चिवट आहे," बाबा म्हणाले आणि तिसरा फटका असा मारला की वेताचं टोक उलून फाटलं. कातारीच्या हाताच्या मुठी वळल्या. खांबाआडून व्यायामबाईने मान हलवली. अजून नाही.

सेवेकऱ्यांनी आक्काला पाण्यात सोडलं. हात काढले. ती उभी राहिली. हळूच हात पाण्यावर पसरले, एक पाऊल टाकलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की कातारीला क्षणभर वाटलं, सोडून द्यावं सगळं, हे सुख तिच्याकडून घेऊ नये.

"कोणी उभं केलं?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही," आक्का म्हणाली.

"कशाच्या बळावर?"

"श्रद्धेच्या."

तेव्हा कातारी पुढे आला, खांद्यावरचं गाठोडं सोडलं आणि लाकडी म्हातारा हौदात सोडून दिला.

बुडुक! म्हातारा खाली गेला, वर आला, डुलला आणि आक्काच्या शेजारी ताठ उभा राहिला. पाणी त्याच्या छातीपर्यंत होतं. दोन डोळ्यांनी तो थेट बाबांकडे बघत होता.

पुढच्या रांगेतले लोक हौदाच्या काठाशी सरकले.

"बाबा," कातारी म्हणाला, "हा माझा ओंडका. याच्या पायाला टोक आहे, जमिनीवर क्षणभर टिकत नाही. याला तुम्ही फटके मारले नाहीत, याच्यावर फुंकर घातली नाही. याची तुमच्यावर श्रद्धाही नाही, याला डोकंच नाही. मग हा का उभा राहिला?"

गर्दीतून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांचा चेहरा जांभळा झाला.

"लाकडात पाडी घालून आणलीय यानं!" ते ओरडले. "आत्ता काढतो!"

आणि मंडळी, बाबांनी ती चूक केली जी फक्त मारायची सवय लागलेला माणूस करतो. त्यांनी वेत उगारला आणि ओंडक्याला मारला. ओंडका खाली गेला, वर आला, ताठ उभा राहिला. पुन्हा मारला. पुन्हा उभा! बाबा काठावर गुडघे टेकून दोन्ही हातांनी सपासप मारत सुटले. पाणी उडालं, दाढी ओली झाली, वेताचे तुकडे झाले, आणि दर फटक्याला तो म्हातारा बुडून पुन्हा वर येऊन मान डोलवत त्यांच्याकडे बघायचा.

"आणखी एक, बाबा! सुटेल आता!" मागून एक आजोबा ओरडले.

"पाडी चिवट आहे!" दुसरे म्हणाले.

हसू फुटलं ते भिंतींवर आदळू लागलं. तेवढ्यात मेहुण्याने कातारीच्या तोंडावर ठोसा मारला. दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. दुसरा ठोसा कानशिलात बसला. कातारी पडला, उठला, हौदावर वाकून ओंडका बाहेर ओढला आणि फरशीवर उभा धरला.

"आता बघा." त्याने हात सोडले.

धाड! ओंडका कोसळला. डोकं फरशीवर आपटून त्याला उभी चीर गेली. तो आवाज ऐकून हसणं जागच्या जागी थांबलं. कारण ज्यांनी शिंपीकाकांना उचललं होतं, त्यांनी तो आवाज आधी ऐकला होता.

कातारीने दारातल्या ढिगातून एक रंगीत काठी उचलली आणि दातातलं रक्त थुंकून म्हणाला, "ही काठी मी केली. मुठीखाली खाच मी पाडली. यांनी सांगितली म्हणून, आणि मी विचारलं नाही म्हणून." त्याने ती दोन अंगठ्यांत धरून दाबली. कट्. "माझ्यात कोणती सिद्धी आहे? हीच काठी घेऊन काका जिना चढले. माझ्या बहिणीलाही आज अशीच दिली होती."

दुसरी मोडली. तिसरी मोडली. मग लोकांनीच मोडून बघायला सुरुवात केली. एका नातीने मोडली, एका आजीने तर चिमटीने मोडली.

पुढे जे झालं ते सांगायला मला आवडत नाही. जमाव बाबांवर धावला. दाढी धरून खाली पाडलं, लाथा बसू लागल्या, कुणी त्यांचंच डोकं हौदात दाबलं. हे तेच हात होते, ज्यांनी आठवड्यापूर्वी तलावाच्या काचा फोडल्या होत्या. व्यायामबाई प्लास्टरच्या हातासकट मधे घुसली.

"सोडा! पोलिसांना बोलावलंय मी. आज याला माराल, उद्या पुन्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून कुणाला तरी माराल! तुमची अक्कल अजून हातातच आहे, डोक्यात कधी चढणार?"

कुणी ऐकेना. तेवढ्यात हौदातून एक आवाज आला. तीस वर्षं भरलेल्या बसच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज.

"ए! मारामारी थांबवा आणि आधी मला बाहेर काढा! चला, वाट द्या, मागं सरका!"

माणसं खरोखर मागे सरकली. सवयीचा आवाज होता तो, हुकमी. बाबा फरशीवर कण्हत पडले, पोलीस येईपर्यंत तिथेच.

कातारी हौदाच्या पायऱ्या उतरला आणि आक्काचा हात धरायला गेला.

"धरू नकोस. नुसता जवळ राहा," ती म्हणाली. "मला बघायचंय."

ती पहिली पायरी चढली. पाणी छातीवरून पोटाला आलं. ठीक होतं. दुसरी, पाणी कमरेला. पाय जड झाले. तिसरी, मांड्यांना. पोटऱ्या थरथरू लागल्या, हात हवेत काही शोधू लागले. चौथ्या पायरीला पाणी गुडघ्याला आलं आणि तिने झटक्यात भावाचा दंड घट्ट पकडला.

ती तिथेच थांबली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज कोरडा होता.

"छातीला होतं तोवर मी राणी," आक्का म्हणाली. "गुडघ्याला आलं आणि म्हातारी झाले. एवढंच होय रे ते? पाण्यानंच धरलं होतं मला?"

"पाण्यानंच, आक्का."

"मग फटके कशाला खाल्ले मी?"

कातारीने तिला नवी काठी दिली. शिसवीची, साधी, ना रंग, ना नक्षी. तिने आधी ती उंबऱ्याच्या दगडावर दोनदा जोरात आपटली. मोडली नाही. मग तिच्यावर भार टाकून घरी गेली.

*

काही महिने गेले. तलावाच्या काचा लोकांनीच बसवून दिल्या. पोलिसांनी बाबांबरोबर कातारीचाही जबाब घेतला. जिन्याबद्दल आणि मनगटाबद्दल, दोन्हींबद्दल त्याने काही लपवलं नाही. मनगट जुळलं, पण थोडं वाकडं. कातारी ते रोज बघतो, कारण आक्काला तलावावर पोचवायला तोच जातो. आक्का पाण्यात पुढे चालते, मागे चालते, टाचा उचलते, एका पायावर उभी राहते. व्यायामबाई फळीने लाटा करून तिचा तोल घालवते आणि आक्का शिव्या देत सावरते. जमिनीवर कठड्याशेजारी ती आता दहापर्यंत आकडे मोजून एका पायावर उभी राहते. रस्त्यावर काठी अजून आहे. अंघोळीला मात्र तिने दार लावायला सुरुवात केली, आणि पहिल्या दिवशी कातारी दुकानात लेथ थांबवून पाण्याचा आवाज ऐकत बसला.

मंडळी, देवाने पाण्यात एवढं बळ ठेवलं, पायांत सावरायची शक्ती ठेवली आणि डोक्यात विचार ठेवला. तिन्ही वापरले तर त्याचा मान राहतो. जो सांगतो की हे बळ माझं, आणि प्रश्न विचारलात तर पाप, तो देवाच्या आणि तुमच्या मधे उभा राहून आपली झोळी भरत असतो. त्याला विचारा. तोच चमत्कार एखाद्या लाकडावर होतो का ते करून बघा. आणि तुमच्याच हातून कुणी खाच पाडून घेत असेल, तर कशासाठी, हे हात चालवण्याआधी विचारा.

चिरलेल्या डोक्याचा तो लाकडी म्हातारा आता कातारीच्या दुकानात आडवा पडलेला असतो. त्याच्या वर खिळ्याला एक मोजपट्टी टांगलेली आहे, एका टोकाला तपकिरी डाग पडलेली. तेव्हा एवढं करा. घरी जाताना कुठे एखादा म्हातारा माणूस पहिल्या पायरीशी थबकलेला दिसला, तर आपला दंड पुढे करा, त्याच्याबरोबर सावकाश चढा, आणि नवव्या पायरीला आमच्या शिंपीकाकांची आठवण काढा.